उतारावरील ट्रॅक्टर सुरक्षा

उतारावरील ट्रॅक्टर सुरक्षा म्हणजे डोंगरउतार, टेकड्या, बांध, नाल्यांचे काठ आणि चढउताराचे शेतरस्ते अशा जागी ट्रॅक्टर न उलटता, न घसरता व ताबा न सुटता चालवण्यासंबंधीची तत्त्वे, साधने आणि कार्यपद्धती होय. ट्रॅक्टर उलटून चालक त्याखाली चिरडला जाणे हे शेतीतील प्राणघातक अपघातांचे जगभरातील एक प्रमुख कारण आहे. साधारणतः २० अश्वशक्तीपर्यंतच्या लहान ट्रॅक्टरला भारतात 'मिनी ट्रॅक्टर' म्हणतात. आकाराने लहान असल्यामुळे तो अधिक सुरक्षित असावा असा समज आढळतो. प्रत्यक्षात अरुंद चाकपट्टा, कमी वजन आणि मागे जोडलेली तुलनेने जड अवजारे यांमुळे उतारावर त्याचा तोल लवकर बिघडू शकतो. उलटण्याची क्रिया एक ते दोन सेकंदांत पूर्ण होत असल्याने केवळ चालकाच्या कौशल्याने ती थांबवता येत नाही. म्हणून उताराची निवड, यंत्राची मांडणी आणि संरक्षक चौकट यांना या विषयात मुख्य महत्त्व आहे.

उताराचे मापन

उतार अंशांत किंवा टक्क्यांत मोजतात. १०० मीटर आडव्या अंतरात जमीन जितके मीटर चढते, तितके टक्के तिचा उतार असतो. अंश आणि टक्के ही मापे एक नाहीत. ती एकच समजल्याने गंभीर चुका होऊ शकतात. ४५ अंशांचा उतार म्हणजे १०० टक्के उतार होय.

५ अंश – सुमारे ९ टक्के
१० अंश – सुमारे १८ टक्के
१५ अंश – सुमारे २७ टक्के
२० अंश – सुमारे ३६ टक्के
२५ अंश – सुमारे ४७ टक्के
३० अंश – सुमारे ५८ टक्के

डोळ्यांनी केलेला उताराचा अंदाज बहुधा चुकतो. ट्रॅक्टरवर बसवण्याचे कलमापक मिळतात. त्याखेरीज एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याची पाणसळ यांच्या साहाय्यानेही उतार मोजता येतो. पट्टीचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूस जमिनीवर टेकवून पाणसळीने पट्टी आडवी समतल धरावी. तिच्या दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचे उभे अंतर जितके सेंटिमीटर भरेल, तितके टक्के उतार असतो. हे अंतर २७ सेंटिमीटर भरल्यास उतार सुमारे १५ अंशांचा समजावा.

यंत्रशास्त्रीय पार्श्वभूमी

गुरुत्वमध्य आणि आधार

कोणत्याही वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली जाणारी उभी रेषा तिच्या आधारक्षेत्राच्या आत असेपर्यंत वस्तू स्थिर राहते. मोटारीच्या तुलनेत ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य उंच आणि मागच्या आसाच्या जवळ असतो, कारण इंजिन व गिअरपेटी जमिनीपासून उंच बसवलेली असतात आणि मागची चाके जड असतात.

ट्रॅक्टरला चार चाके असली तरी त्याचे आधारक्षेत्र चौकोनी नसते. बहुतेक ट्रॅक्टरांचा पुढचा आस मध्यभागी एकाच खिळीवर डोलता बसवलेला असतो, त्यामुळे खडबडीत जमिनीवरही चारही चाके टेकलेली राहतात. याचा परिणाम असा होतो की, ट्रॅक्टरचा मुख्य भाग मागची दोन चाके आणि पुढची खिळ अशा तीन बिंदूंवर तोललेला राहतो. या आकृतीला आधार त्रिकोण म्हणतात. पुढचा आस आपल्या डोलण्याच्या मर्यादेला टेकल्यावरच पुढच्या चाकांचा खरा आधार मिळतो, परंतु तोपर्यंत यंत्र उलटण्याच्या गतीत आलेले असते.

उदाहरणार्थ, एका लहान ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांतील अंतर १ मीटर, पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.६५ मीटर आहे असे मानू. आधार चौकोनी असता, तर तो सुमारे ३८ अंशांच्या आडव्या उतारावर उलटला असता. गुरुत्वमध्य मागच्या आसापुढे ०.५७ मीटरवर आणि पुढची खिळ ०.३५ मीटर उंचीवर धरून आधार त्रिकोणाचा हिशेब केल्यास ही मर्यादा सुमारे ३१ अंशांवर येते. हा आकडाही सपाट, टणक पृष्ठभागावर स्थिर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा आहे. चालत्या ट्रॅक्टरची मर्यादा याहून बरीच कमी असते.

बाजूला उलटणे

उताराला आडवे चालताना ट्रॅक्टर खालच्या बाजूला उलटण्याचा धोका असतो. हा धोका प्रामुख्याने तीन कारणांनी वाढतो.

पहिले कारण जमिनीचा खडबडीतपणा. वरील उदाहरणातील ट्रॅक्टरचे खालचे चाक १० सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेले, तर त्याचा कल सुमारे ६ अंशांनी वाढतो. त्याच क्षणी वरचे चाक तितक्याच उंचीच्या दगडावर किंवा ढेकळावर चढले, तर एकूण वाढ ११ अंशांच्या पुढे जाते. म्हणजे १५ अंशांच्या शेतात हा ट्रॅक्टर क्षणभर २६ अंशांच्या कलात असतो. त्यातच धक्क्याने मिळालेल्या गतीची भर पडते.

दुसरे कारण वळण. वळताना ट्रॅक्टरवर वळणाच्या बाहेरच्या दिशेने केंद्रोत्सारी बल कार्य करते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दुप्पट झाल्यास ते चौपट होते. ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५ किलोमीटर वेगाने होणारा परिणाम सुमारे ३ अंशांच्या जादा कलाइतका असतो. हाच परिणाम ताशी १० किलोमीटरला सुमारे ११ अंशांइतका, तर ताशी १५ किलोमीटरला सुमारे २४ अंशांइतका होतो. आडव्या चालीतून चढाच्या दिशेने वळल्यास हे बल उताराखालच्या बाजूस लागते आणि उताराच्या परिणामात मिळते. त्यामुळे वळावेच लागल्यास ते सावकाश आणि उताराच्या दिशेने घ्यावे, असे सांगितले जाते.

तिसरे कारण उंचावलेले वजन. पुढील लोडरची भरलेली बकेट, हायड्रोलिकवर पूर्ण उचललेले अवजार किंवा उंच बसवलेली फवारणीची टाकी गुरुत्वमध्य वर नेते. अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव खालच्या बाजूस सरकून तोल आणखी बिघडवतो.

मागे उलटणे

इंजिनाची शक्ती मागच्या आसाला फिरवते. चाके चिखलात किंवा दगडाला अडून फिरेनाशी झाली, तर तीच शक्ती आसाभोवती ट्रॅक्टरचा पुढचा भाग वर उचलू लागते. चढावर गुरुत्वमध्य आधीच मागे सरकलेला असल्याने हे अधिक सहज घडते. पुढचे टोक उचलू लागल्यापासून सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा स्थितीला पोहोचतो की तेथून तो परत खाली येत नाही. सुमारे दीड सेकंदात तो पूर्ण उलटलेला असतो. धोका लक्षात येऊन क्लच दाबण्यास चालकाला लागणारा वेळही जवळपास तितकाच असल्याने उपाय बहुधा उशिरा होतो.

ओढण्याचा बिंदू उंच असल्यास मागे उलटण्याची शक्यता फार वाढते. झाडाचा बुंधा किंवा अडकलेले वाहन ओढताना साखळी मागच्या आसाला, सीटच्या आधाराला अथवा थ्री पॉइंट लिंकेजच्या वरच्या दांड्याला बांधणे म्हणूनच अत्यंत धोक्याचे मानले जाते. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरूनच घ्यावी लागते.

उतरताना ताबा सुटणे

टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरांचे ब्रेक सामान्यतः फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना वजन पुढे सरकून मागची चाके हलकी होतात आणि ब्रेकची पकड कमी होते. मागे ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली असल्यास ती ट्रॅक्टरला ढकलते आणि जोडापाशी दुमडून त्याला आडवे करते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गिअर न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून धरणे धोकादायक आहे, कारण त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो. वेग वाढलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुन्हा लहान गिअर टाकणे बहुधा शक्य होत नाही.

ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक पेडल स्वतंत्र असतात. शेतात आखूड वळण घेण्यासाठी ही सोय असते. रस्त्यावर किंवा उतारावर पेडल एकमेकांना न जोडता ब्रेक दाबल्यास एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर झटक्याने वळून उलटू शकतो.

संरक्षक चौकट आणि सीट बेल्ट

ट्रॅक्टर उलटलाच तर चालकाभोवती सुरक्षित पोकळी राहावी, यासाठी बसवलेल्या मजबूत पोलादी चौकटीला उलटसंरक्षक चौकट किंवा 'रोप्स' म्हणतात. ती दोन किंवा चार खांबांची अथवा बंद केबिनच्या रूपात असते. अनेकदा तिच्यामुळे ट्रॅक्टर कुशीवरच थांबतो, पूर्ण कोलांटी खात नाही. चौकटीचा उपयोग सीट बेल्टवर अवलंबून असतो. बेल्ट नसल्यास चालक सुरक्षित पोकळीच्या बाहेर फेकला जाऊन चौकटीखालीच सापडू शकतो. याउलट चौकट नसलेल्या किंवा ती दुमडलेल्या ट्रॅक्टरवर बेल्ट बांधू नये, कारण अशा वेळी चालक यंत्राला जखडला जातो.

नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची करणारा पहिला देश स्वीडन होता. तेथे हा नियम १९५९ मध्ये लागू झाला आणि त्यानंतरच्या दशकांत उलटण्यामुळे होणाऱ्या मृत्यूंत मोठी घट झाली. ब्रिटनमध्ये १९७० पासून नव्या ट्रॅक्टरांसाठी ती आवश्यक झाली. अमेरिकेत १९७६ च्या कामगार सुरक्षा नियमानुसार पगारी कामगार चालवत असलेल्या नव्या ट्रॅक्टरांना ती बंधनकारक करण्यात आली. मात्र हा नियम २० अश्वशक्तीपेक्षा अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांपुरता होता, त्यामुळे सर्वांत लहान ट्रॅक्टर त्याच्या बाहेर राहिले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) ट्रॅक्टर चाचणी संहितांमध्ये अरुंद ट्रॅक्टरांच्या चौकटींसाठी स्वतंत्र संहिता आहेत. संहिता क्रमांक ६ चालकाच्या पुढे बसवलेल्या चौकटींसाठी आणि क्रमांक ७ मागे बसवलेल्या चौकटींसाठी आहे.

फळबागांत फांद्यांना अडू नये म्हणून दुमडती चौकट वापरतात. झाडांखालचे काम संपताच ती पुन्हा उभी करून खिळीने पक्की करणे आवश्यक असते. उन्हापासून संरक्षणासाठी स्थानिक वर्कशॉपमध्ये पातळ पाइपांचे छत बसवले जाते. ते दिसायला चौकटीसारखे असले तरी ट्रॅक्टरचे वजन पेलण्यासाठी तपासलेले नसते. मूळ चौकटीला भोके पाडणे, तिच्यावर वेल्डिंग करणे किंवा एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरची वाकलेली चौकट सरळ करून वापरणे यांमुळेही तिची ताकद कमी होते.

सुरक्षित वापराच्या पद्धती

उताराची कमाल मर्यादा प्रत्येक ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेवरून ठरवावी लागते. आडव्या चालीसाठी सुमारे १५ अंश ही मर्यादा सर्वसाधारण सावधगिरी म्हणून सांगितली जाते. ओल्या गवतावर, मुरमावर किंवा भुसभुशीत जमिनीवर ती आणखी खाली आणावी लागते, कारण अशा जागी ट्रॅक्टर उलटण्याआधी घसरतो. घसरणारे चाक एखाद्या दगडाला अडले की तेथेच तो उलटतो.

कामापूर्वी
– शेत पायी फिरून खड्डे, दगड, बुंधे, ओघळी आणि गवताखाली झाकलेले चर पाहून ठेवावेत.
– चाकपट्टा कामास परवडेल तितका रुंद करावा. अनेक ट्रॅक्टरांची मागची चाके उलटी बसवून हे साधता येते.
– मागे जड अवजार असल्यास पुढे वजने लावावीत. मागच्या टायरांत पाणी भरल्यास एकूण गुरुत्वमध्य खाली येतो.
– ब्रेकची पेडल एकमेकांना जोडावीत, दोन्ही बाजूंची पकड सारखी आहे का ते तपासावे आणि टायरांतील हवा समान ठेवावी.

काम करताना
– शक्य तेथे ट्रॅक्टर उभ्या दिशेने, म्हणजे सरळ वर आणि सरळ खाली चालवावा.
– यंत्राचे जड टोक चढाच्या बाजूस ठेवावे. मागे जड अवजार असताना तीव्र चढ उलट्या गिअरमध्ये चढणे आणि पुढच्या गिअरमध्ये उतरणे अधिक सुरक्षित असते.
– उतार सुरू होण्यापूर्वीच लहान गिअर निवडावा आणि तोच कायम ठेवावा. फोर व्हील ड्राइव्ह असल्यास उतरतानाही ते जोडलेले ठेवावे, म्हणजे इंजिनाचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो.
– क्लच हळू सोडावा. चढावर एकदम अ‍ॅक्सिलेटर देऊ नये.
– अवजार किंवा बकेट जमिनीला न घासता जितकी खाली राहील तितकी ठेवावी.
– नाला, विहीर किंवा ताल यांच्या कडेपासून किमान त्या खोलीइतके अंतर राखावे. दोन मीटर खोल नाल्याच्या काठावर दोन मीटरच्या आतली माती ट्रॅक्टरच्या भाराने ढासळू शकते.
– मडगार्डवर, ड्रॉबारवर किंवा अवजारावर कोणालाही बसू देऊ नये.

ट्रॅक्टर चढावर बंद पडल्यास ब्रेक दाबून धरावा, अवजार जमिनीवर टेकवावे आणि उलट्या गिअरमध्ये सावकाश खाली यावे. क्लच दाबून मागे घरंगळत येत असताना एकदम ब्रेक मारल्यास ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. उतारावर थांबवताना हँडब्रेक लावून चाकांखाली खालच्या बाजूने दगड किंवा लाकडी ठोकळे ठेवावेत.

चौकट असलेला ट्रॅक्टर उलटू लागल्यास बेल्ट बांधलेल्या चालकाने उडी मारू नये. स्टिअरिंग घट्ट धरून सीटवरच राहावे. उडी मारणारा चालक बहुधा उताराच्या खालच्या बाजूस, म्हणजे ट्रॅक्टर ज्या बाजूला पडत असतो त्याच बाजूला पडतो.

मृदसंधारणाशी संबंध

उतारावरील शेतीत सुरक्षितता आणि मृदसंधारण यांच्या गरजा काही वेळा परस्परविरोधी ठरतात. माती व पाणी धरून ठेवण्यासाठी नांगरट आणि पेरणी उताराला आडवी, समपातळी रेषेवर करावी असे कृषिशास्त्र सांगते. उभ्या नांगरटीने पडलेल्या सऱ्यांतून पाणी वेगाने वाहून माती नेते. ट्रॅक्टरसाठी मात्र आडवी चाल हीच अधिक धोक्याची असते.

हा विरोध सौम्य उतारावर जाणवत नाही. समपातळी बांध साधारणतः ६ टक्क्यांपर्यंतच्या उतारावर घालतात आणि अशा जमिनीत आडवे चालणे ट्रॅक्टरला सुरक्षित असते. उतार वाढत जातो तसे जमिनीचेच रूप बदलणे हा उपाय उरतो. सुमारे १६ ते ३३ टक्के उतारावर पायऱ्यांची शेते पाडण्याची पद्धत आहे, तिला महाराष्ट्रात मजगी म्हणतात. पायरी सपाट असल्याने यंत्र तिच्यावर समतल चालते. तेथे धोका पायरीच्या कडेला आणि एका पायरीवरून दुसरीवर जाण्याच्या वाटेवर एकवटतो. त्याहून तीव्र जमिनीत नांगरटीऐवजी गवत, फळझाडे किंवा वनशेती हा माती आणि चालक या दोघांच्याही दृष्टीने योग्य पर्याय ठरतो.

पर्यायी यंत्रे

आल्प्स पर्वतातील स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि उत्तर इटली या भागांत तीव्र कुरणांवरील गवत कापण्यासाठी ठेंगणी, रुंद चाकपट्ट्याची आणि चारही चाकांना शक्ती देणारी खास यंत्रे वापरतात. इटलीत द्राक्षमळ्यांसाठी मध्यभागी सांधा असलेले अरुंद, कमी उंचीचे ट्रॅक्टर तयार होतात. जर्मनीतील मोझेल नदीच्या काठावरील अतितीव्र द्राक्षमळ्यांत आणि जपानमधील संत्रावर्गीय फळबागांत चालकाने ट्रॅक्टर नेण्याऐवजी एकरुळी गाडीने मालाची वाहतूक केली जाते.

भारतातील डोंगराळ भागांत आणि कोकणात पॉवर टिलरचा वापर होतो. त्याच्यामागे पायी चालायचे असल्याने चालक यंत्राखाली सापडण्याचा धोका कमी होतो, मात्र उतारावर चालकाने यंत्राच्या खालच्या बाजूस राहू नये. पॉवर टिलरचे एक वैशिष्ट्य नवख्या चालकांना घातक ठरू शकते. सपाट जमिनीवर डाव्या बाजूचा स्टिअरिंग क्लच दाबल्यास यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर उतरताना मात्र क्लच दाबलेल्या बाजूचे चाक इंजिनाच्या रोधातून मोकळे होऊन अधिक वेगाने फिरते आणि यंत्र उजवीकडे वळते.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात मिनी ट्रॅक्टरांचा वापर द्राक्ष, डाळिंब, संत्रा यांसारख्या फळबागांतील आंतरमशागत आणि फवारणीसाठी तसेच अल्पभूधारकांच्या शेतात होतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने ९० टक्के अनुदानावर दिली जातात. सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातील वरकस जमिनीवर नाचणी व वरी ही पिके परंपरेने घेतली जातात. अशा जमिनीचा मोठा भाग साध्या ट्रॅक्टरच्या सुरक्षित मर्यादेबाहेरचा आहे.

वापरात असलेल्या बहुसंख्य लहान ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट नसते. त्यामुळे घाटरस्ते, कालव्यांचे काठ आणि शेतात उतरण्याचे अरुंद, चढणीचे रस्ते ही शेताइतकीच धोक्याची ठिकाणे ठरतात. शेतीतील अपघात आणि यंत्रांची सुरक्षितता यांविषयी भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या समन्वयाने देशभर संशोधन चालते. मध्य प्रदेशातीलच बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते आणि चालकांना प्रशिक्षणही दिले जाते.

हे सुद्धा पहा

– ट्रॅक्टर
– पॉवर टिलर
– गुरुत्वमध्य
– मृदसंधारण
– पायऱ्यांची शेती